पोटखराब्यातल्या पाकोळ्या

सातबाराच्या उताऱ्यावर एक शब्द असतो, 'पोटखराबा'. ज्या जमिनीत पीक निघत नाही, ती या रकान्यात जाते. बँकेच्या नोकरीत कर्जप्रकरणांबरोबर आलेले असे उतारे मी अगणित पाहिले. पिकाचा हिशेब करताना पोटखराबा सोडून द्यायचा असतो, आणि तेवढ्यापुरते ते योग्यच आहे. पण निसर्गाचा हिशेबही आपण त्याच रकान्यांत मांडू लागलो, तिथे घोटाळा झाला.

अहमदनगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, याचे उत्तम उदाहरण आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाचे कडे आणि लेणी, पारनेरमध्ये टाकळी ढोकेश्वरचे लेणे, आणि खाली कर्जतकडे पावसाला पारखा झालेला उघडा माळ. तिथल्या रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य झाले, पण त्याचे क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. बाकीचा माळ आपल्या लेखी पडीकच.

जंगल तुटले म्हणून माळ झाला, असे आपण सर्रास धरून चालतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या आणि कथांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतली बरीच झाडे माळावरची निघाली. पश्चिम महाराष्ट्रातला गवताळ माळ काही कालपरवा उजाड झालेला नाही. तो शतकानुशतके असाच आहे.

जी गत माळाची, तीच वटवाघळाची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. मनातली यादी मात्र शाबूत आहे. वटवाघूळ म्हणजे अशुभ, एवढीच आपली ओळख. भारतात त्यांच्या सुमारे १३० जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक किडे खाऊन जगतात आणि बऱ्याच जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, हे किती घरांत ठाऊक असते?

म्हणून त्यांची मोजदाद हवी. लेण्यात ती तुलनेने सोपी. तिन्हीसांजेला तोंडाशी शांत बसून बाहेर पडणारी वटवाघळे मोजतात. परवानगी घेऊन बारीक जाळीत धरलेल्यांच्या पुढच्या हाताची लांबी मापून, वजन करून सोडून देतात. माळावर जाळे लावायला आडोसा नाही आणि कित्येक जाती उंचावरून उडतात. तिथे यंत्राचे कान लागतात. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. कीटकभक्षी वटवाघळांच्या हाका बहुधा त्याहून वरच्या पट्टीत असतात. हाकेच्या धाटणीवरून पुष्कळदा जात ओळखता येते. ही दोन्ही कामे जोडीने व्हायला हवीत, कारण लेणे हे या पाकोळ्यांचे माजघर असले तर माळ हे त्यांचे ताट आहे.

मोजल्याने काय साधते, ते बेळगावकडच्या खानापूर तालुक्याने दाखवले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू केली. तीत तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक निराळे वटवाघूळ सापडले. १९१३ मध्ये ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याला रॉटन या अभ्यासकाचे नाव दिले. पुढे कित्येक दशके जगाला त्याचा हा एकच पत्ता ठाऊक होता. त्या गुहेत आधीच कोणी धूर केला असता तर?

कोणी म्हणेल, रोगाचे काय? शंका रास्त आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांना महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाहच्या खुणा आढळल्या, हे जून २०२१ मध्ये जाहीर झाले. पण तेही कोणी पाहणी केली म्हणूनच कळले. त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: गुहेत उगाच शिरू नये, वटवाघळांना हात लावू नये, उष्टे फळ खाऊ नये. धूर केल्याने रोग आटोक्यात येत नाही. वटवाघळे मात्र पांगतात, आणि अंगावर पिल्ले असतील तर ती खाली पडून मरतात.

आज गावोगावी उत्साह आहे. लेण्यात प्रखर दिवे लावायचे, माळावर खड्डे खणून झाडे लावायची. हेतू चांगलाच असतो. माझे म्हणणे इतकेच, की आधी एक वर्ष मोजा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राची मुले आहेत, त्यांना जाणकारांच्या हाताखाली या कामाला लावा. मग दिवा कुठे नको आणि खड्डा कुठे नको, हे नोंदवहीच सांगेल. गावाने तेवढे ऐकले, तरी संध्याकाळच्या आभाळातली ही वर्दळ आपल्या नातवंडांनाही पाहायला मिळेल.