विश्लेषण : संगणकाच्या वीजपुरवठ्यातील ‘खरखर’ कोणी थांबवायची?

मध्यम लहरीवरचा जुना रेडिओ लावा आणि सुरू असलेल्या संगणकाजवळ न्या. निवेदकाचा आवाज खरखरीत बुडतो. ही खरखर रेडिओचा दोष नाही. संगणकातला वीजपुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, त्याचा मोठा वाटा त्यात असतो. हा हस्तक्षेप टाळण्याचे तंत्र अनेक वर्षांपासून उपलब्ध आहे. तरीही स्वस्त वीजपुरवठ्यांत तेच आधी कापले जाते, आणि त्याची किंमत भलताच कोणीतरी मोजतो.

वीजपुरवठा चालू-बंद का करावा लागतो?

आजच्या संगणकाच्या प्रोसेसरला साधारण १ व्होल्ट दाब लागतो, पण विद्युतप्रवाह १०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. मदरबोर्डला मात्र १२ व्होल्ट मिळतात. उरलेले ११ व्होल्ट जुन्या ‘लिनिअर’ पद्धतीने उष्णतेत घालवायचे म्हटले, तर १०० वॉट वापरण्यासाठी १,१०० वॉट जाळावे लागतील. म्हणजे संगणकाची शेगडीच होईल.

त्याऐवजी ‘स्विचिंग’ पद्धतीत मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक खटका वेळेच्या साधारण बाराव्या हिश्शापुरता चालू राहतो आणि उरलेला वेळ बंद. इंडक्टर आणि कपॅसिटर या झटक्यांची सरासरी काढून सपाट १ व्होल्ट देतात. प्रोसेसरजवळच्या या मंडलाला व्हीआरएम म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे ३०० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३ ते १० लाख वेळा उघडझाप.

मग अडचण कुठे येते?

अडचण उघडझापीच्या टोकदारपणात आहे. खटका जितक्या झटकन उघडतो-मिटतो, तितक्या त्या वेगाच्या दुप्पट, तिप्पट, दसपट वारंवारता ठळकपणे निर्माण होतात. ६६ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या एखाद्या चार्जरची बारावी पट नेमकी ७९२ किलोहर्ट्झ होते. हीच आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहर. ३९६ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या व्हीआरएमची दुसरी पटही तिथेच पडते.

खटका हळू उघडला तर खरखर घटते, पण प्रत्येक उघडझापीत उष्णता वाढते. झटकन उघडला तर ऊर्जा वाचते, पण गोंगाट वाढतो. अभियंत्याची सगळी कसरत या दोन टोकांमधली आहे.

दोन वारंवारता एकमेकींत का अडखळतात?

तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या, की आवाज हेलकावे घेतो. मदरबोर्डवरही तेच घडते. मेमरीचा वीजपुरवठा ५०० किलोहर्ट्झवर आणि शेजारचा दुसरा ५०३ किलोहर्ट्झवर चालत असेल, तर त्यांच्यातला ३ किलोहर्ट्झचा फरक स्वतंत्र हेलकावा म्हणून उमटू शकतो. मूळ दोन्ही वारंवारता कानाच्या पलीकडच्या, पण ३ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येतात. हेडफोनमधली बारीक शीळ कधी कधी इथून आलेली असते.

प्रोसेसरच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. व्हीआरएममध्ये अनेक ‘फेज’ आळीपाळीने काम करतात. आठ फेज प्रत्येकी ५०० किलोहर्ट्झवर, समान अंतराने चालल्या, की त्यांचे चढउतार एकमेकांना बरेचसे खोडतात आणि उरलेला तरंग ४ मेगाहर्ट्झवर जाऊन लहान होतो. पण प्रोसेसरची मागणीही सतत वर-खाली होत असते. ती जर ४९० किलोहर्ट्झच्या आसपास वर-खाली होऊ लागली, तर १० किलोहर्ट्झचा हेलकावा फेजच्या प्रवाहात शिरतो. बाहेरचा व्होल्टेज ठीक दिसतो, पण आत एका फेजवर जास्त भार, तर दुसरीवर कमी. ज्या मॉसफेटवर भार पडतो, तो तापतो.

यावर उपाय कोणते?

पहिला उपाय मांडणीचा. झटक्यांचा प्रवाह ज्या वळशातून फिरतो, तो वळसा जितका लहान, तितका तो अँटेनासारखा कमी वागतो. म्हणून कपॅसिटर मॉसफेटला खेटून बसवतात. हा उपाय जवळपास फुकट आहे. लागते ती फक्त मेहनत.

दुसरा उपाय तालाचा. शेजारचे सगळे पुरवठे एकाच घड्याळाला बांधले, की फरकाचा हेलकावाच उरत नाही. ते शक्य नसेल तर वारंवारता एकमेकींपासून इतक्या दूर ठेवायच्या, की फरक ऐकू येण्याच्या टप्प्याबाहेर जाईल. फेजमधल्या हेलकाव्यासाठी नियंत्रक प्रत्येक फेजचा प्रवाह मोजून भार सारखा वाटतो आणि स्विचिंगच्या वेगाजवळच्या चढउतारांना कमी प्रतिसाद देतो. मोटारींमध्ये तर अनेक पुरवठे मुद्दाम २ मेगाहर्ट्झच्या वर चालवतात, म्हणजे मूळ वारंवारता आणि तिच्या सगळ्या पटी मध्यम लहरीच्या पट्ट्याबाहेर पडतात.

तिसरा उपाय गाळणीचा. घरातल्या वीजवाहिनीत गोंगाट उलटा शिरू नये म्हणून एसएमपीएसच्या तोंडाशी चोक आणि कपॅसिटरची फिल्टर बसवतात.

‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ ही पळवाट आहे का?

काही प्रमाणात, होय. या पद्धतीत घड्याळाचा वेग किंचित, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास, सतत हलवत ठेवतात. अनेक संगणकांच्या बायोसमध्ये याच नावाचा पर्याय दिसतो. नळाची एका जागी पडणारी धार झारीने पसरवावी, तसे हे आहे. कोणत्याही एका जागी कमी पाणी पडते, पण एकूण पाणी तेवढेच राहते.

चाचणीतले यंत्र एकेका वारंवारतेवरचे शिखर मोजते. शिखर बुटके झाले, की उपकरण उत्तीर्ण होते. मांडणी आणि गाळणी नीट करून वर ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ वापरणे योग्यच आहे. पण गाळणी वगळण्यासाठी त्याचा आधार घेणे म्हणजे परीक्षेपुरता अभ्यास. वाहिनीतल्या गोंगाटाची आंतरराष्ट्रीय मोजणी १५० किलोहर्ट्झपासून सुरू होते. बरेच चार्जर ६५ किलोहर्ट्झवर चालतात, याचे एक कारण हेच, की त्यांची दुसरी पट १३० वर, मोजणीच्या रेषेखाली राहते.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत घरगुती संगणकांमुळे शेजाऱ्यांचे टीव्ही-रेडिओ बिघडू लागले, तेव्हा एफसीसीने १९७९ मध्ये संगणकांसाठी मर्यादा घातल्या. रेडिओ शॅकचा गाजलेला टीआरएस-८० मॉडेल १ त्यांत बसेना, म्हणून तो बाजारातून मागे घ्यावा लागला. युरोपात या मर्यादा पाळल्याशिवाय उपकरण विकता येत नाही.

आपल्याकडे दूरसंचार उपकरणांना हस्तक्षेपाची चाचणी सक्तीची आहे. संगणकाच्या अ‍ॅडॅप्टरसाठीच्या बीआयएस नोंदणीचा आधार मात्र सुरक्षिततेचे मानक आहे. विजेचा धक्का आणि आग यांपासून संरक्षण हवेच, पण हवेतल्या गोंगाटाचे काय?

मग करायचे काय?

असेंबल्ड संगणक घेणारा ग्राहक वॉट आणि किंमत विचारतो. एसएमपीएस उघडून पाहिले, तर काही स्वस्त नमुन्यांत फिल्टरची जागा पट्टीवर छापलेली असते, पण चोकऐवजी साधी तार जोडलेली असते. संगणक तरीही चालतो. तोटा होतो तो शेजारच्या घरात रेडिओ ऐकणाऱ्या आजोबांचा, किंवा हॅम रेडिओवर संदेश टिपणाऱ्याचा. ज्याने पैसे वाचवले तो वेगळा आणि ज्याने सोसले तो वेगळा. असे असते तिथे बाजार आपोआप सुधारत नाही, नियम लागतो.

म्हणून सुरक्षिततेच्या नोंदणीबरोबर हस्तक्षेपाची चाचणीही अनिवार्य व्हावी आणि उत्तीर्ण झाल्याची खूण वेष्टनावर दिसावी. चाचणीचा खर्च लहान उत्पादकांना परवडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी ‘समीर’सारख्या सरकारी संस्थांच्या चाचणीसुविधा सवलतीत खुल्या कराव्यात. नियम आहेत पण चाचणी परवडत नाही, अशी स्थिती आली तर बनावट शिक्के तेवढे वाढतील.

तोपर्यंत एक साधी तपासणी घरीच करता येते. पुण्यात ७९२, मुंबईत ५५८ किलोहर्ट्झ लावा आणि घरातले चार्जर, एसएमपीएस एकेक करून बंद करा. ज्याच्यामुळे खरखर थांबते, त्याच्या वायरला फेराइटची क्लिप लावून पाहा. तरीही फरक पडला नाही, तर पुढच्या खरेदीत दुकानदाराला वॉटबरोबर फिल्टरबद्दलही विचारा. ग्राहक विचारू लागला, की पट्टीवरची रिकामी जागा भरायला उत्पादकाला कारण मिळेल.