उजवीकडून येणारा

ट्रॅक्टर उजवीकडच्या बोळातून आला. दगडी गोठ्याच्या भिंतीआडून आधी त्याचं पुढचं धाकटं चाक दिसलं, मग गवताच्या गोल गठ्ठ्यांनी लादलेली ट्रॉली. आमचा रस्ता रुंद, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ ओढलेला. त्याचा रस्ता शेतातून निघालेला, कडेला शेणमाती. मी पुण्याचा. मोठ्या रस्त्यावर मी आहे म्हणजे थांबणार तो, हे धरून चालून मी ताशी पन्नासने निघालो होतो. त्यानं माझ्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. मी अक्षरशः ब्रेकवर उभा राहिलो. शेजारी बसलेल्या बायकोच्या मांडीवरचा नकाशा उडून डॅशबोर्डवर गेला. ट्रॅक्टर आमच्यापुढून आडवा, आपल्या चालीनं निघून गेला. मागच्या गाडीनं हॉर्नही दिला नाही, आणि त्या शांततेनंच मला जास्त ओशाळं केलं.

ही २०२४ च्या जूनमधली गोष्ट. फ्रान्सच्या नैऋत्येला दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात, पेरिगोर भागात, आम्ही आठवडाभर गाडी घेऊन हिंडत होतो. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगितला. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली. माझं फ्रेंच म्हणजे वीस वर्षांपूर्वी क्लास लावून केलेल्या दोन परीक्षा, पण 'ट्रॅक्टर' हा शब्द फ्रेंचमध्येही जवळपास तोच, एवढं नशीब. बाईंनी ऐकून घेतलं, परडीतले दोन अक्रोड उचलून टेबलावर ठेवले आणि उजवीकडचा अक्रोड पुढे सरकवत म्हणाल्या, "प्रियोरिते आ द्रुआत, मस्यू." चूक तुमची, असं काही त्या बोलल्या नाहीत. तोच अक्रोड फोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

याचा अर्थ, जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, थांबण्याची रेघ नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. रस्ता केवढा, गाडी कुठली, याचा काही संबंध नाही. हा हक्क कधी तुमचा आणि कधी त्याचा, हे सांगायला एक पिवळी पाटी असते, कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, भोवती पांढरी किनार. ती दिसली की मोठा रस्ता तुमचा, बिनधास्त जा. त्याच चौकोनावर तिरकी काळी रेघ दिसली की तुमचा मान संपला, आता उजवीकडच्या प्रत्येक बोळाकडे बघत चला. ती रेघ मी सकाळी पाहिली होती. मला ती सजावट वाटली.

या गोष्टीला एक शेपूट आहे. परत आल्यावर सहज आपली नियमावली उघडली. आपल्या रस्ता-नियमांतही लिहिलेलं आहे की मुख्य रस्त्याला मिळत असाल तर त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्या आणि एरवी, पोलीस किंवा सिग्नल नसलेल्या चौकात, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. मला लायसन्स मिळून तीस वर्षं झाली. हा नियम मला दोर्दोन्यच्या शेतकऱ्याकडून शिकावा लागला.

बाकी उजव्या बाजूनं गाडी चालवण्याचा बाऊ लोक उगाच करतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते अंगवळणी पडतं. त्रास देतात ते हात. गिअर टाकायला डावा हात जातो आणि दारावर आपटतो. इंडिकेटरची दांडी आपल्या गाड्यांत बहुधा उजवीकडे, तिथे डावीकडे, त्यामुळे पहिले दोन दिवस मी प्रत्येक वळणावर कोरड्या ठणठणीत उन्हात वायपर चालवत वळलो. रिकामा रस्ता हा खरा धोका. समोर गाडी असेपर्यंत तिच्यामागे आपण नीट जातो. पेट्रोल भरून निर्मनुष्य रस्त्यावर बाहेर पडलं की जुनी सवय हळूच डावीकडे ओढते. बायकोनं यावर एकच उपाय केला. गाडी सुरू झाली की ती दर वेळी न चुकता "उजवीकडे" म्हणायची, आरती सुरू करावी तशी.

गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या मुलानं एक पिवळं चमकणारं जाकीट दाखवलं आणि ते डिकीत नाही, हाताशी ठेवायचं, असं बजावलं. बंद पडलेल्या गाडीतून बाहेर पडण्याआधी ते अंगात घालायचं असतं, म्हणून. २००८ पासून तिथे प्रत्येक गाडीत हे जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण सक्तीचा आहे. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, इंधनावरच्या कराविरुद्ध फ्रान्सचा ग्रामीण भाग पेटला तेव्हा आंदोलनाला गणवेश शोधावा लागला नाही, प्रत्येकाच्या गाडीत तो तयारच होता. 'पिवळी जाकिटं' हे नाव तिथूनच पडलं. त्याच वर्षीच्या जुलैत सरकारनं दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० वर आणली होती, त्याचा रागही गावांत धुमसत होताच. ज्याला पाव आणायलासुद्धा दहा किलोमीटर गाडी काढावी लागते, त्याला पॅरिसमध्ये मेट्रोनं फिरणाऱ्यानं वेग शिकवू नये, असा एकूण सूर. पुढे काही जिल्ह्यांनी मर्यादा परत ९० केली. मी पाहुणा, मी ८० नेच गेलो. माझ्या मागे व्हॅन अगदी बंपरला नाक लावून यायची आणि जागा मिळाली की सुसाट पुढे जायची. शिष्टाचाराच्या या देशात तेवढी एक गोष्ट मला आपली वाटली.

गावाच्या वेशीवर लाल किनारीची, नावाची पाटी असते. तिच्यावर आकडा नसतो, पण ते नाव म्हणजेच ५० ची मर्यादा, आणि नावावर लाल काट मारलेली पाटी आली की गाव संपलं. आमच्या वाटेवरच्या काही पाट्या चक्क उलट्या लावलेल्या होत्या, अक्षरं खाली डोकं वर पाय. मी समजलो, कंत्राटदाराचा प्रताप. तसं नव्हतं. २०२३ च्या शेवटी तार्न जिल्ह्यातल्या तरुण शेतकऱ्यांनी पाट्या काढून उलट्या लावायला सुरुवात केली आणि हे लोण देशभर पसरलं. आपण डोक्यावर चालतोय, असा फ्रेंचमध्ये वाक्प्रचार आहे, म्हणजे सगळा उलटा कारभार. बाहेरून येणारा स्वस्त माल, नियमांचं ओझं, हाती उरणारे पैसे, तक्रारी आपल्या ओळखीच्याच. आपला शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो. तिथल्यांनी चार स्क्रू काढले, पाटी फिरवली, पुन्हा घट्ट बसवली. एकही वाकडी नव्हती.

चौकांतल्या दोन पाट्यांनी मात्र पहिल्या दिवशी घाम फोडला. एकीवर 'सर्व दिशा', बाण डावीकडे. दुसरीवर 'इतर दिशा', बाण उजवीकडे. सगळ्याच दिशा डावीकडे गेल्या तर इतर उरल्या कुठल्या? बायको म्हणाली, सरळ जा. सरळ जायला चर्च होतं.

जेवणाचं सांगायला हवं, कारण वाहतुकीच्या नियमाइतकाच तो नियम कडक आहे. खेड्यातल्या खाणावळीची चूल दुपारी बारा ते दोन. आम्ही एकदा दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. टेबलं मांडलेली, बाई हसतमुख, पण स्वयंपाकघर बंद. रदबदली चालत नाही. दुकानं, पोस्ट, पंचायतीची कचेरी, बहुतेक सगळं त्या वेळात बंद, आणि सोमवारी पुष्कळदा बेकरीसुद्धा. पुणेकरांना एक ते चारवरून टोमणे मारणाऱ्या मुंबईकरांनी एकदा इथे येऊन जावं. बायको शाकाहारी. सार्लाच्या बाजारात तिनं निर्धास्तपणे बटाटे मागवले. लसूण, वर बारीक चिरलेली पार्सली, कडा कुरकुरीत, दिसायला आपल्या काचऱ्यांचे थोरले भाऊ. दुसरा घास घेता घेता मी यादीत वाचलं आणि गप्प बसायचं ठरवलं, पण तिला माझा चेहरा वाचता येतो. पेरिगोरमध्ये बटाटे बदकाच्या चरबीत परततात. पुढचे पाच दिवस ऑम्लेट आणि बकरीच्या चीजचं सॅलड.

गाडी लावायला जागा बहुतेक गावांत एकाच ठिकाणी मिळते, चर्च आणि पंचायत यांच्यामधल्या चौकात. तिथेच स्मारकाचा दगड असतो. १९१४ ते १८ च्या युद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर. तीन-चारशे वस्तीच्या गावात तीस-पस्तीस नावं, एकेका आडनावाची दोन-तीन. पहिल्या दिवशी गाडीला कुलूप लावताना नजर गेली, तिसऱ्या दिवसापासून आम्ही थांबून वाचायला लागलो. परतीला दोन दिवस हाताशी होते. बायको म्हणाली, यांची नावं वाचली, आता आपल्यांची वाचू.

म्हणून पॅरिस ओलांडून उत्तरेला, बेथ्यूनच्या पुढे, नव्ह-शापेलला गेलो. सपाट मुलूख, शेतांमधून जाणारे रस्ते, आणि एका चौकाच्या कडेला दगडी जाळीचं गोल आवार. पुढच्या बाजूला अशोकस्तंभाची आठवण देणारा सुमारे पंधरा मीटरचा खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची थडगीही नाहीत अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावं इथे आहेत. वास्तू हर्बर्ट बेकर यांची, उद्घाटन १९२७ चं. मार्च १९१५ ची लढाई इतिहासात गाजली, पण त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, हे गाव परत घ्यायला शीख पलटणीबरोबर सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या धाडल्या होत्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी माणसं. त्या दिवशी त्यांना पायदळासारखं गल्लीबोळांतून लढवलं. त्यांचे बहुतेक सगळे अधिकारी आणि कितीतरी जवान त्या एका दिवसात पडले. या कंपन्या आपल्या खडकीच्या.

नावं पलटणवार कोरलेली आहेत, शोधायला वेळ लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा आवारात तिसरं कुणी नव्हतं.

खडकीवरून रोज जा-ये करणाऱ्यांपैकी कुणी पॅरिसला गेलंच, तर आयफेल टॉवरचा एक दिवस कमी करा आणि इथे या. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, गाडीनं सकाळी निघून संध्याकाळी परत. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र इथूनच, आरटीओतून काढून न्या. तो तिकडे मिळत नाही.