सायकल जुळवायला शिकवा

आपल्या शाळेच्या सायकल स्टँडवर मधल्या सुट्टीत एकदा सावकाश चक्कर मारून पाहा. जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंगा आणि एकवीस गिअर असलेल्या झकपक सायकली ओळीने उभ्या दिसतील. त्यांतल्या कितींचे सगळे गिअर पडतात आणि कितींचे दोन्ही ब्रेक लागतात, हेही जरा तपासा. मी तपासले, म्हणून हे लिहायला बसलो.

तीन वर्षांपूर्वी मुलगा आठवीत गेला, तेव्हा बोनसच्या पैशांतून आम्ही त्याला अशीच एक सायकल घेऊन दिली. पहिल्याच पावसाळ्यात तो मित्रांबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेला. उतारावर मागचा ब्रेक लागेना. त्याने घाबरून पुढचा जोरात दाबला आणि तो घसरून पडला. कोपर आणि गुडघ्यावर निभावले, ही देवाची कृपा. रात्री मी सायकल उलटी करून पाहिली. ब्रेकचे हात पातळ पत्र्याचे होते. दाबले की तेच वाकत. रबर रिमला टेकत असे, पण धरत नसे. मी उद्यमबागेत लेथवर काम करणारा माणूस. मापे घेणे हा माझा रोजचा धंदा. तरीही खरेदीच्या वेळी मी रंग पाहिला होता, ब्रेक पाहिला नव्हता.

त्यानंतर आम्ही बापलेकांनी ठरवले की दुसरी सायकल आपणच जुळवायची.

मुळात माउंटन बाईक जन्मली तीच अशा जुळवाजुळवीतून. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीतली काही तरुण मंडळी 1930-40 च्या सुमाराच्या जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलत आणि डोंगरउतारावर पळवत. फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. दोन मैलांत सुमारे 1300 फूट उतार! मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातलीच माणसे. ब्रीझने पुढे डोंगरासाठी खास फ्रेम बनवली. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली माउंटन बाईक बाजारात आली ती 1981 मध्ये. म्हणजे आधी माणसांनी हातांनी जुळवले आणि मग दुकानात आले.

आता खर्चाचे बोलू. सगळे सुटे भाग नवे घेऊन सायकल जुळवली, तर ती तयार सायकलीपेक्षा महागच पडते. कारखाना भाग घाऊक घेतो, आपण किरकोळीने. स्वस्तात जुळवायची तर आधी चांगल्या हाडाची एक जुनी सायकल मिळवावी लागते. आम्हाला ती चुलतभावाच्या परसात मिळाली. साधी, बिनस्प्रिंगांची, 26 इंची. जुनी फ्रेम घेताना ती स्वच्छ पुसून उजेडात पाहावी. हँडलखालच्या जोडांपाशी रंगाला सुरकुत्या किंवा केसासारखी चीर दिसली, किंवा चिमटा मागे वाकलेला असला, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये.

त्यानंतर पैसा कुठे घालायचा हे ठरवायचे. माझे मत असे, की दहा रुपये असतील तर निम्मे चाकांवर आणि टायरांवर, अडीच ब्रेकवर आणि उरलेल्यात चेन, फ्रीव्हील, केबल व ग्रीस. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक नीट धरत नाही, ॲल्युमिनियमच्या रिमवर तो बराच चांगला धरतो. बेळगावच्या पावसात हा फरक जीव वाचवणारा आहे. स्प्रिंगांवर आम्ही एक पैसाही घातला नाही. स्वस्तातल्या स्प्रिंगा वजन वाढवतात आणि पाय मारण्याची ताकद खातात. गिअरही एकवीस नको. पुढे 32 दातांचे एकच चक्र, मागे सात चकत्यांचे फ्रीव्हील आणि त्यातली मोठी चकती 34 दातांची. पायडलचा एक फेरा मारला की मागचे चाक एका फेऱ्यापेक्षा थोडे कमी फिरते. राजहंसगडाच्या चढाला तेवढे पुरते.

चुकाही झाल्या. ‘26’ हा आकडा पाहून मुलगा टायर घेऊन आला, तो बसेचना. जाड टायरच्या डोंगरी सायकलीचे 26 इंची रिम 559 मिलिमीटरचे असते. घरगुती 26 × 1⅜ सायकलीचे 590 चे. टायरच्या कडेला 50-559 असे काहीतरी छापलेले असते. त्यातला दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. दुकानदाराने टायर बदलून दिला म्हणून बरे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही मुलगा पान्याशी झटापट करून शिकला. जुनी चेन पट्टीने मोजायलाही तो शिकला. बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरायला हव्यात. 1/16 इंच जरी जास्त भरली तरी चेन बदलावी, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दात खाऊ लागते.

काही पालक म्हणतील, दहावी तोंडावर असताना हे मिस्त्रीकाम कशाला? मला वाटते, दातांचे गुणोत्तर, घर्षण, तरफ, मिलिमीटर आणि इंच हे सगळे पुस्तकातच आहे. सायकलीपाशी ते हाताला लागते. शिवाय मर्यादित पैशात कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही, हा धडा कोणत्याच पुस्तकात नाही. तो न शिकल्यामुळे मी माझा बोनस घालवला आणि मुलाचे कोपर फोडून घेतले.

विश्वस्त विचारतील, जबाबदारी कोणाची? रास्त प्रश्न आहे. म्हणून नियम कडक हवा. जुळवलेली प्रत्येक सायकल जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय, दोन्ही ब्रेक ओल्या जमिनीवर लावून पाहिल्याशिवाय खोलीबाहेर जाणार नाही. आणि हेल्मेटशिवाय कोणीही उतारावर जाणार नाही. आज स्टँडवरच्या सायकली कोण तपासतो? कोणीच नाही. खरा धोका तिथे आहे.

माझी मागणी छोटी आहे. शाळेने एक रिकामी खोली द्यावी. पाने, ॲलन की, चेन उघडण्याचे हत्यार, तारा आवळण्याची चावी आणि एक पंप एवढे घ्यावे. घरोघरी गंजत पडलेल्या सायकली पालकांनी आणून द्याव्यात. आमच्यासारखे कारखान्यात काम करणारे पालक आळीपाळीने महिन्यातून एक शनिवार, शाळा सुटल्यावर, दोन तास देतील. पहिला शनिवार माझा. मुलींनाही बोलवावे, पंक्चर मुलगा-मुलगी पाहून होत नाही.

मुलाच्या सायकलीला आजही दोन रंग आहेत आणि मित्र तिला हसतात. गेल्या महिन्यात मात्र त्यांच्यातल्या दोघांनी आपापल्या सायकली आमच्या अंगणात आणून उलट्या केल्या. अंगण आता पुरत नाही. विश्वस्तांनी पुढच्या सभेत खोलीचा विचार करावा, ही विनंती.

— एक पालक