शक्यता म्हणजे निदान नव्हे
गर्भारपणाच्या 11 ते 14 आठवड्यांदरम्यान डबल मार्कर रक्तचाचणी आणि एनटी सोनोग्राफी करतात. सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. यातून डाउन सिंड्रोमची शक्यता कळते, निदान होत नाही. अहवालातील ‘1:250’ म्हणजे अशा 250 गर्भांपैकी साधारण एकाला तो असू शकतो. उरलेल्या 249 जणांना नसतो. खात्रीसाठी वारेचा नमुना किंवा गर्भजल तपासावे लागते. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. त्यामुळे आकडा हाती पडल्यावर घाबरण्यापेक्षा चाचणीआधीच समुपदेशन मिळायला हवे. पुढे काय करायचे, याचा विचार तेव्हाच व्हावा. चाचणी करायची की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचाच. घरच्यांनी साथ द्यावी, सक्ती करू नये.