रिकाम्या जागेचा हक्कदार कोण?

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. तीसहून अधिक माणसे दगावली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

धोकादायक इमारतीची नोटीस येऊनही पुष्कळ यंत्रमाग कामगार घर सोडत नाहीत. त्यांना आम्ही हट्टी म्हणणार नाही. एकदा बाहेर पडलो की परत घर मिळेल का, ही त्यांची धास्ती आहे. म्हणून मोडकळीस आलेल्या जागेवर दुकाने, वाहनतळ की घरे, हे महापालिकेने ठरवण्याआधी जुन्या भाडेकरूंची यादी व मोजलेले क्षेत्रफळ कागदावर यावे. वाचकहो, तुम्हीही भाडेपावत्या आणि वीजबिले जपून ठेवा. इमारत पाडल्यावर राहत होतो हे दाखवायला तीच कामी येतात.