एका बोरूबहाद्दराची कैफियत

आकडा मोठा तितका माल चांगला, ही समजूत बँकेत ठीक आहे. क्लॅरिनेटमध्ये ती घात करते. हे मी बी. कॉम. असून सांगतोय, म्हणजे किती पोळलो असेन ते बघा!

आमच्या स्टाफच्या ऑर्केस्ट्रात मी क्लॅरिनेट वाजवतो. (‘वाजवतो’ हे माझं मत. शेजाऱ्यांचं वेगळं आहे.) गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाआधी एका जाणकारांनी निदान केलं, “तुमचा टोन पातळ आहे. उघड्या तोंडाचा माउथपीस घ्या आणि ४ नंबरची रीड लावा. अडीच नंबर काय, पोरंसोरं वाजवतात!”

चेचाळिसाव्या वर्षी पोरासोरांत गणना कोण सहन करील? दिवाळीच्या बोनसवर डोळा ठेवून दोन्ही आणलं. कार्यक्रमात फुंकलं, तर नुसती हवा! जोर लावला, तेव्हा पेटीवाल्यानं दचकून सूर सोडला आणि पहिल्या रांगेतलं मूल रडू लागलं.

जाणकारहो, आता ऐका. रीडचा नंबर ही तिची इयत्ता नव्हे. तो तिचा ताठपणा. माउथपीसचं टोक आणि रीडचं टोक यांत एक फट असते. व्हँडोरेनच्या बी-४५ ची सुमारे १.२ मिलिमीटर, ५ आरव्हीची १.०७ च्या आसपास. फरक नखाच्या जाडीएवढाही नाही. पण खतावणीत पाच पैशांसाठी रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला तो कळायला हवा होता! फट मोठी तर रीड मऊ हवी, फट लहान तर ताठ. दोन्ही बाजू जुळल्या तरच टोन. त्याला जमा-नावे म्हणतात!

शेवटी लग्नाच्या बँडमधल्या एका मास्तरांनी माझा जुना माउथपीस घेतला. अडीच नंबरची रीड भिजवली, टोकापासून केसभर खाली बसवली, बेतानं आवळली. म्हणाले, “साहेब, आता फुंका.” असा भरीव सूर आला, की आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “रेडिओ लावलात का?”

रीड ज्या नळापासून करतात, तो बोरूचाच भाऊबंद. तेव्हा आम्हा बोरूबहाद्दरांना यातलं कळत नाही, असं कुणी म्हणू नये. वरच्याचं तोंड मोठं असेल, तर खालच्यानं मऊ असावं, हा नियम आम्ही वीस वर्षं रोज पाळतोय.