चिमणीचा विटाळ

माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला टाकते, हे वाक्य पहिल्यांदा कोणी उच्चारलं ते मला ठाऊक नाही. पण तो गृहस्थ भेटला तर त्याला मी तीन दिवस आमच्या घरी मुक्कामाला ठेवीन. पहाटे सव्वासहापासून दिवेलागणीपर्यंत, दर वीस मिनिटांनी, चिमट्याने अळी भरवायला!

त्याचं असं झालं. आमच्या जिन्यात मीटरच्या पेटीवर चिमण्यांचं घरटं आहे. त्यातून एक पिल्लू खाली पडलं. अंगावर पिसांपेक्षा कातडीच जास्त, चोचीच्या कडा पिवळ्याधमक आणि आवाज मानपान चुकलेल्या वरमाईसारखा. चिरंजिवांनी ते उचलून घरात आणलं. आईने देवघरातून निकाल दिला, "लावलास ना हात? संपलं! आता चिमण्या त्याला घेणार नाहीत, टोचून मारतील." वरच्या काकूंनी दुजोरा दिला. खालचे अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते, त्यांनी शिक्षा कायम केली. झालं! एका मिनिटात पिल्लू अनाथ ठरलं आणि आम्ही पुण्यवान.

काकू लगेच वाटीभर दूध आणि कापसाचा बोळा घेऊन आल्या. आता पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. शिवाय त्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असल्यामुळे वरून सोडलेला थेंब सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. हे एका पक्षिमित्राने वेळेवर फोनवर सांगितलं, म्हणून ते पिल्लू आमच्या भूतदयेतून वाचलं. मोठी चिमणी दाणे टिपत असली तरी पिल्लाला किडेच लागतात. तेव्हा आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात प्रथमच अंडं उकडलं गेलं आणि हिने भाजीवाल्याला सांगितलं, "फ्लॉवर किडका द्या हो, चांगला नको." बारा वर्षं तो हिला किडकाच देत आला होता. त्याला वाटलं, बाई टोमणा मारतायत.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीच्या गजावर एक चिमणी येऊन बसली. चोचीत हिरवी अळी. आत पिल्लू ओरडतंय, बाहेर ती ओरडतेय. "टोचेल हो ती!" म्हणून हिने खिडकी लावून घेतली. अर्ध्या तासात ती बया सहा वेळा आली. सहाव्या वेळी मात्र मला आमचा धंदा कळला. पोर पळवायचं, आईला दाराबाहेर ठेवायचं आणि वर तिनेच टाकलं म्हणून गावभर सांगायचं!

अहो, साधा विचार करा. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळ्यासारखा बिलंदर पक्षी ते परक्याचं पोर इमाने-इतबारे वाढवतो. त्याला जात कळत नाही, मग चिमणीला आमच्या चिरंजिवांचा हात कळणार? जगभर पक्षिशास्त्रज्ञ पिल्लांच्या पायात कडी अडकवून त्यांना परत घरट्यात ठेवतात, आणि आईबाप त्यांना पूर्ववत भरवत राहतात. सोवळंओवळं चिमणीच्या घरी नाहीच. ते आपल्या घरचं. झाडलोट करणाऱ्या बाईच्या ओंजळीत आमची आजी हातभर उंचावरून पाणी ओतायची. भांड्याला हात लागला तर भांडं बाद. माणसांसाठी केलेला हा कायदा आपण त्या चिमुकल्या जिवाच्या नावावर खपवला, निसर्गनियम म्हणून!

हे मी घरात जरा मोठ्यानेच बोललो. आई काही बोलली नाही. तिने त्या ओंजळी पाहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून पिल्लू घरट्यात, त्याच्या भावंडांशेजारी ठेवलं आणि आम्ही सगळे दाराच्या फटीला डोळे लावून उभे राहिलो. चार मिनिटांत चिमणी आली. तिने वासबिस काही घेतला नाही. सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या चोचीत अळी कोंबली आणि उडून गेली. ती चोच अर्थातच आमची होती.

"घेतलं का रे तिने?" आईने आतून विचारलं. आवाज जरा ओला होता.

"घेतलं."

वरून काकू म्हणाल्या, "ती दुसरी चिमणी असेल हो!"